रोज अंगावर गांधी उठत होत्या त्या वर्षाबद्दल

ज्यांच्या अंगावर महिना-दीड महिना उलटून गेला तरी रोज गांधी, म्हणजे खाजणारे लाल फुगवटे, उठतायत, मधेच कधी ओठ नाहीतर पापणी सुजतेय, आणि भेटेल तो माणूस "काय खाल्लंस?" एवढंच विचारतोय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, महापेला एका कंपनीत अकाउंट्स बघते, राहायला ठाण्यात नौपाड्याला. जसं झालं तसं सांगते, पैसे किती गेले, कुठे किती थांबावं लागलं ते पण, कारण त्या काळात मला कोणी ओळीनं हे सांगितलं असतं तर निम्मी भीती तिथेच गेली असती.

जून २०२४, पाऊस नुकताच सुरू झाला होता. ठाण्याहून घणसोलीपर्यंत ट्रान्स हार्बर लोकलनं उभ्यानं गेले, ऑफिसात पोचून पर्स काढली तर पट्टा होता तिथे खांद्यावर लाल फुगलेली रेघ, सलवारीच्या नाडीच्या जागी पण तसंच, आणि खाज अशी की बोलता येईना. दोन तासांत सगळं गायब, खूणसुद्धा नाही. संध्याकाळी मांडीवर नवीन. डास असेल, घाम असेल म्हणून सोडून दिलं पण दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. सासूबाईंनी आमसुलं भिजवून ते पाणी अंगाला लावलं, गार वाटायचं, तेवढा अर्धा तास बरा जायचा आणि खरं सांगायचं तर त्या काळात रात्री कोणी आपल्या पाठीला काहीतरी लावत बसलंय याचंच बरं वाटायचं.

फॅमिली डॉक्टरांनी लिव्होसेट्रिझिन ही अॅलर्जीची गोळी दिली पाच दिवस. पाच दिवस छान. सहाव्या दिवशी परत सुरू. मग एकदा फारच झालं तेव्हा स्टिरॉइडचं इंजेक्शन, तो दीड दिवस स्वर्ग, मग परत तेच. जुलैत कोणीतरी सुचवलं की अॅलर्जी पॅनल करून टाक एकदाचं, घरी येऊन रक्त नेतात, ६,८०० रुपये. रिपोर्ट आला कितीतरी पानांचा, रंगीत पट्ट्या, आणि त्यात वांगं, मूगडाळ, टोमॅटो, कोळंबी, नारळ, तीळ असं बरंच काही लाल. सोबत छापील सल्ला, हे सगळं बंद. घरात मग माझा स्वयंपाक वेगळा सुरू झाला, श्रावण गेला, ७ सप्टेंबरला गणपती आले, नारळ यादीत म्हणून मोदकाला हात लावला नाही. आणि गांधी? एक दिवस चुकला नाही. उलट वाढल्या.

गौरी गेल्या त्या रात्री अडीच वाजता जाग आली ती वरचा ओठ जड झाल्यामुळे. आरशात बघितलं तर ओठ दुप्पट. नवऱ्यानं रिक्षा काढली, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथल्या डॉक्टरनं आधी जीभ बघितली, आवाज बसलाय का विचारलं, छाती तपासली, बीपी, ऑक्सिजन. श्वास ठीक होता म्हणून सलाईनमधून औषध देऊन पहाटेपर्यंत बसवून ठेवलं, बिल ३,४०० रुपये. हे लक्षात ठेवा, नुसता ओठ सुजणं वेगळं आणि जीभ सुजणं, घसा आवळणं, दम लागणं, चक्कर येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात घरी गोळी घेऊन वाट बघायची नाही, १०८ ला फोन किंवा जवळची कॅज्युअल्टी, तिथे मांडीत अॅड्रिनॅलिन देतात आणि ते जितकं लवकर तितकं चांगलं.

त्याच तरुण डॉक्टरनं जाता जाता विचारलं, किती दिवस चाललंय हे? म्हटलं जूनपासून. तो म्हणाला, ताई, सहा आठवड्यांच्या पुढे गेलं की त्याला क्रॉनिक अर्टिकेरिया म्हणतात, आणि त्यात बहुतेक वेळा खाण्याचा काही संबंध नसतो, चांगल्या स्किनवाल्यांना दाखवा. तीन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी मला काय खाल्लं ते विचारलं नव्हतं. रिक्षात रडले मी.

स्किनच्या डॉक्टर मॅडमची अपॉइंटमेंट सप्टेंबरच्या शेवटाला मिळाली, दोनेक आठवडे थांबून. फी ९००. तोवर काय करायचं तर फोटो काढून ठेवा, हे मी सगळ्यांना सांगते. गांधी डॉक्टरकडे पोचेपर्यंत जातात, तिथे अंग कोरं दिसतं आणि आपल्यालाच खोटं वाटायला लागतं. मॅडमनी फोटो नीट बघितले आणि पहिला प्रश्न, एक गांध किती वेळ टिकते? मला उत्तर नक्की माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं पेनानं तिच्याभोवती गोल काढायचा आणि वेळ लिहायची. चोवीस तासांच्या आत गेली, मागे काही राहिलं नाही, तर ठीक. एकच गांध दिवसापेक्षा जास्त टिकली, खाजेपेक्षा दुखली, जाताना निळसर काळा डाग सोडून गेली, तर तो वेगळा आजार असू शकतो, तिथे त्वचेचा छोटा तुकडा तपासायला घेतात. माझ्या तीन-चार तासांत जायच्या.

दुसरा प्रश्न, पाळीत पोटदुखीला काय घेता? आयब्युप्रोफेनची गोळी, दर महिन्याला. बंद म्हणाल्या, या आजारात बऱ्याच जणांना अॅस्पिरिन आणि त्या गटातल्या वेदनाशामकांनी भडकतं, लागलं तर पॅरासिटामॉल घ्या. आणि बघितलं तर खरंच, त्या दिवसांतच माझं जास्त व्हायचं.

मग अॅलर्जी पॅनलची फाईल काढली. मॅडमनी ती शांतपणे बाजूला ठेवली. म्हणाल्या, हा रिपोर्ट एवढंच सांगतो की तुमच्या रक्तात या पदार्थांना ओळखणाऱ्या थोड्या अँटिबॉडी आहेत, त्या तर मजेत कोळंबी खाणाऱ्या कितीतरी लोकांत असतात. खरी कोळंबीची अॅलर्जी असती तर खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत कळलं असतं, आणि दर वेळी खाल्ल्यावर कळलं असतं. तुम्हाला न खाता उठतंय. आजपासून सगळं खा. मी घरी जाऊन त्या रात्री भरलं वांगं केलं.

आता जे त्यांनी समजावलं ते, कारण माझ्यासाठी सगळा फरक तिथून पडला. प्रिस्क्रिप्शनच्या मागे एक गोल काढला आणि आत ठिपकेच ठिपके भरले. ही मास्ट सेल. ही रक्तात फिरत नसते, त्वचेत, श्वासनलिकेत, आतड्यात, बारीक रक्तवाहिन्या आणि नसांच्या लगत बसलेली असते, शरीरात बाहेरचं काही शिरलं तर ज्यांना आधी कळतं त्यातली एक. पॉल एर्लिख या जर्मन डॉक्टरनं १८७८ साली आपल्या प्रबंधात तिचं वर्णन केलं, तेव्हा तो २४ वर्षांचा होता, रंग घालून पेशी बघत होता आणि या पेशीतले दाणे वेगळेच रंगले. ते दाणे म्हणजे तयार करून ठेवलेला माल, हिस्टामिन, ट्रिप्टेज, हेपॅरिन वगैरे. इशारा मिळाला की काही मिनिटांत, गरम तेलात मोहरी तडतडावी तसे हे दाणे बाहेर. हिस्टामिनमुळे आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंद होतात, पाझरायला लागतात, ती जागा फुगते, नस चाळवते आणि खाज सुटते. तीच गांध. हेच खोल, ओठाच्या नाहीतर पापणीच्या आतल्या थरात झालं की सूज.

नेहमीच्या अॅलर्जीत हा इशारा आयजीई नावाच्या अँटिबॉडीमार्फत येतो. १९६६ साली अमेरिकेत डेन्व्हरला किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या नवरा-बायकोनं ती शोधली. आयजीई मास्ट सेलच्या अंगावर बसून असते, कोळंबीतलं ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन येऊन शेजारच्या दोन आयजीईंना एकदम चिकटलं की पेशी दाणे सोडते. माझ्यासारख्यांत मात्र बाहेरचं कोणी येतच नाही. कोणाच्यात आयजीई आपल्याच शरीरातल्या प्रथिनांविरुद्ध तयार झालेली असते, तर कोणाच्यात वेगळ्या जातीच्या अँटिबॉडी असतात ज्या मास्ट सेलवरच्या आयजीई बसायच्या जागेलाच जाऊन चिकटतात आणि पेशी थेट उघडतात. हे दुसरं १९९३ साली मिचिहिरो हिदे आणि माल्कम ग्रीव्ह्ज यांच्या टीमनं दाखवलं. म्हणजे मी जुलै ते सप्टेंबर ताटात जे शोधत होते ते ताटात नव्हतंच.

मी विचारलं, मग हिस्टामिन अडवणाऱ्या गोळीनं थांबत का नाही? तर त्या म्हणाल्या दाणे फुटणं हा पहिला अंक झाला. त्याच पेशी लगेच प्रोस्टाग्लँडिन, ल्युकोट्रिन अशी नवीन रसायनं बनवतात, मग पुढच्या काही तासांत सायटोकाइन नावाची निरोप देणारी प्रथिनं सोडतात, आणि त्या हाकेनं रक्तातल्या इओसिनोफिल, बेसोफिल, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्या जागी गोळा होतात. त्या आल्या की त्यांची आणखी रसायनं, त्यानं मास्ट सेल परत चाळवते. गोळी फक्त हिस्टामिनचं दार बंद करते, बाकीची गर्दी चालूच. माझ्या नंतरच्या सीबीसीत (रक्तातल्या पेशींची मोजणी) बेसोफिल शून्य आले होते, मी ती ओळ कधी वाचली पण नसती. मॅडम म्हणाल्या एवढ्यावरून निदान करत नाहीत, पण आजार जोरात असताना या पेशी रक्तातून निघून त्वचेत गेलेल्या असतात, म्हणून रक्तात कमी दिसतात असं या आजारात बघायला मिळतं.

(माझ्या आतेबहिणीच्या मुलाला बारा महिने धुळीची सर्दी असते, तिनं विचारलं आमच्याकडे पण हेच का. पेशी तीच, पण तिथे घरातल्या धुळीतल्या माइट किड्यांची खरी अॅलर्जी असते. नाकाच्या, श्वासनलिकेच्या अस्तराला त्रास झाला की ते आयएल-३३, टीएसएलपी अशी धोक्याची प्रथिनं सोडतं आणि त्यानं मास्ट सेलबरोबर आयएलसी-२ नावाच्या पेशी पण जाग्या होतात, ज्या २०१० च्या सुमारास सापडल्या. त्या कोणतीही अँटिबॉडी नसताना इओसिनोफिल बोलावू शकतात. या धोक्याच्या प्रथिनांचं प्रमाण गांधीच्या त्वचेतही वाढलेलं आढळलंय, म्हणून वाचताना मला ते आपलंच वाटलं. तिच्या मुलाला मात्र धुळीची चाचणी आणि त्याप्रमाणे उपचार हे बरोबर आहे, माझ्यावरून त्याचं ठरवू नका.)

टेस्ट मॅडमनी मोजक्या लिहिल्या, सीबीसी, दाह बघायला ईएसआर आणि सीआरपी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि अँटी-टीपीओ, आणि टोटल आयजीई, सगळं मिळून २,६०० रुपये. थायरॉइड नॉर्मल पण अँटी-टीपीओ खूप वाढलेलं, म्हणजे शरीर थायरॉइडविरुद्ध पण अँटिबॉडी बनवतंय, आणि आयजीई अगदी कमी. ही जोडी दिसली की आजार बहुधा त्या दुसऱ्या प्रकारचा, थेट उघडणाऱ्या अँटिबॉडीचा. खात्रीसाठी ऑक्टोबरमध्ये ऑटोलॉगस सीरम टेस्ट केली, १,२०० रुपये. त्याआधी काही दिवस अँटिहिस्टामिन, म्हणजे हिस्टामिन अडवणारी गोळी, पूर्ण बंद ठेवायचं असतं आणि ते दिवस वाईट जातात, शक्य असेल तर ऑफिसला रजा टाका, मी टाकली होती. माझंच रक्त काढून फिरवलं, वर आलेलं पिवळसर पाणी हाताच्या आतल्या बाजूला कातडीत बारीक सुईनं टोचलं, शेजारी एक थेंब सलाईन, त्याच्या शेजारी हिस्टामिन. अर्ध्या तासानं बघायचं. सलाईनची जागा सपाट, हिस्टामिनची फुगलेली, आणि माझ्या स्वतःच्या रक्ताची जागा पण फुगलेली, लालबुंद, कडा स्पष्ट. सिस्टरनं पट्टी लावून मिलिमीटर मोजले. बाहेरचं काहीही नाही, माझंच रक्त, आणि माझीच त्वचा त्याला उत्तर देतेय, हे डोळ्यांनी बघितल्यावर घरच्यांचेही खाण्याचे प्रश्न बंद झाले.

उपचार पायरीपायरीनं. आधी बिलास्टिन २० मिलिग्रॅम रोज एक, मग दोन, मग चार. नव्या पिढीच्या अँटिहिस्टामिनचा डोस या आजारात चौपटीपर्यंत वाढवतात, ते आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतच आहे, पण पाकिटावर रोज एक लिहिलेलं असतं म्हणून केमिस्टनं दोनदा परत पाठवलं. डॉक्टरांकडून प्रिस्क्रिप्शनवर अक्षरात लिहून घ्या, आजाराचं नाव आणि रोजच्या एकूण गोळ्या. आणि हे चौपट वगैरे कोणी मनानं करू नका, हृदयाचा, किडनीचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरच ठरवतील. बिलास्टिन रिकाम्या पोटी घ्यायची, खाण्याआधी एक तास नाहीतर नंतर दोन तास, फळांच्या रसाबरोबर तर नाहीच, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. मी सकाळी उठल्या उठल्या आणि रात्री झोपताना असं बसवलं होतं.

याच्यासोबत डायरी. रोज गांधींना शून्य ते तीन आणि खाजेला शून्य ते तीन, आठवड्याची बेरीज ४२ पैकी. गांधी २० पेक्षा कमी तर एक, ५० पर्यंत दोन, त्याहून जास्त तर तीन. अठ्ठावीस किंवा त्याच्या वर म्हणजे तीव्र. माझी सुरुवात ३४ वर होती, चार गोळ्यांवर महिना काढल्यावर २२. झोप परत यायला लागली पण ऑफिसात अजून पूर्ण बाह्यांचे कुर्ते, अजून लोक लोकलमध्ये हात बघून सरकून बसायचे. हे पसरत नाही हो, कोणालाच लागत नाही, हे मी किती जणींना सांगितलं असेल. डायरी कंटाळवाणी आहे पण ठेवाच, पुढे इन्शुरन्सवाल्यांसमोर तीच कामाला आली.

मधे एका ओळखीच्यांनी सुचवलं रोज थोडं थोडं स्टिरॉइड घे, एकदम साफ होतं. होतंच साफ. पण मॅडमचं म्हणणं स्पष्ट होतं, फारच भडकलं तर थोडे दिवस, महिनोन्महिने नाही, शुगर, बीपी, हाडं सगळ्याला लागतं. मला यात त्यांचंच पटतं, तो दीड दिवसाचा स्वर्ग मी अनुभवलाय म्हणून जास्त पटतं.

डिसेंबरमध्ये ओमालिझुमॅबचा विषय निघाला. हे अँटिबॉडीचंच बनवलेलं औषध, रक्तातल्या मोकळ्या आयजीईला पकडून ठेवतं. मोकळी आयजीई कमी झाली की मास्ट सेल आणि बेसोफिल आपल्या अंगावरच्या तिच्या बसायच्या जागाही हळूहळू कमी करतात, आणि पेशी उघडणं अवघड होतं. दम्यासाठी अमेरिकेत २००३ मध्ये मंजूर झालं, या आजारासाठी २०१४ मध्ये. ३०० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी. मॅडमनी आधीच सांगितलं की तुमची आयजीई कमी आणि अँटी-टीपीओ जास्त, अशा पेशंटना ते उशिरा लागू पडतं, काहींना पडतच नाही, सहा महिने तरी देऊन बघू, नाही जमलं तर पुढे सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध आहे. खरं तेच सांगितलं म्हणून मला धीर आला, नाहीतर पहिल्या इंजेक्शननंतर मी सोडून दिलं असतं.

पैसे. दोन व्हायल (औषधाच्या छोट्या बाटल्या) लागतात, आम्हाला दोन्ही मिळून २७ हजारांना पडल्या. छापील किंमत बघून घाबरू नका, तीन-चार ठिकाणी चौकशी करा, हॉस्पिटलची फार्मसी, होलसेल केमिस्ट, आणि कंपनीची पेशंटसाठी काही योजना आहे का ते डॉक्टरांना विचारा, फरक बराच पडतो. औषध २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं, केमिस्ट थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक घालून देतो, बिलावर बॅच नंबर आलाय का तिथेच बघा.

पहिला डोस जानेवारी २०२५. व्हायलमध्ये पांढरी पावडर असते, सिस्टरनं त्यात पाणी सोडलं आणि व्हायल टेबलावर ठेवून नुसती गोल गोल फिरवत राहिली. हलवायची नाही, फेस होतो. थोडा वेळ ठेवायची, परत फिरवायची, उजेडाकडे धरून गुठळी बघायची, परत फिरवायची, वीस मिनिटं तरी गेली. मग जे तयार झालं ते मधापेक्षा पातळ पण पाण्यापेक्षा बरंच घट्ट, सुईतून सावकाश जातं, एक या दंडात एक त्या दंडात. दुखलं, सहन होण्याइतकं. नंतर दोन तास बसवून ठेवलं, कारण क्वचित या औषधाचीच तीव्र रिअॅक्शन येते, पहिल्या तीन डोसना एवढं थांबवतात. पुस्तक, पाण्याची बाटली आणि फोनचा चार्जर न्या.

आणि काहीच झालं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारीत दुसरा डोस, बेरीज २० च्या आसपास. २७ हजार अधिक २७ हजार, वर मुलीची शाळेची फी भरायची होती, रात्री हिशोब करताना छातीत धस्स व्हायचं. त्यात पहिल्या डोसचा क्लेम नामंजूर होऊन आला, कारण "ओपीडी उपचार देय नाही".

हा भाग नीट वाचा. हॉस्पिटलनं पहिलं बिल ओपीडी काउंटरवर केलं होतं, आणि ओपीडीचं बिल मेडिक्लेममध्ये बहुतेक बसत नाही. पण आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेनं २०१९ मध्ये काढलेल्या सूचनांत बारा आधुनिक उपचारांची यादी होती, त्यात इंजेक्शननं द्यायची मोनोक्लोनल अँटिबॉडी इम्युनोथेरपी (ओमालिझुमॅब त्यातलंच) स्पष्ट लिहिलेली होती, आणि ते उपचार हॉस्पिटलात दाखल करून, घरीच दाखल असल्यासारखे किंवा डे केअर (त्याच दिवशी घरी सोडतात ते) म्हणून शक्य तितके कव्हर करायला सांगितलं होतं. तुमच्या पॉलिसीच्या कागदात "मॉडर्न ट्रीटमेंट" हा मथळा शोधा, त्यात किती टक्के किंवा किती रुपयांची मर्यादा आहे तेही बघा. आमची घरची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एक पॉलिसी होती, त्यात होतं. नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत अटी वेगळ्या निघाल्या, तर आपली आपण वाचा.

दुसऱ्या डोसपासून मी हॉस्पिटलला सांगून डे केअर अॅडमिशन करून घेतली, त्याचा वेगळा चार्ज दीड हजार पडला. आधी इन्शुरन्सला कळवायचं, मग क्लेम फॉर्मचा भाग अ आपण, भाग ब हॉस्पिटलनं भरून शिक्का मारायचा, डिस्चार्ज समरी, मूळ बिलं, प्रिस्क्रिप्शन, व्हायलच्या खोक्यावरचं बॅचचं लेबल, रद्द केलेला चेक, केवायसी. मॅडमकडून लेटरहेडवर पत्र घेतलं, त्यात हवं ते हे: आजाराचं नाव, कधीपासून, आधी कुठली औषधं किती डोसमध्ये किती आठवडे दिली, तरी बेरीज किती राहिली, आणि इंजेक्शननंतर देखरेखीखाली थांबवणं का गरजेचं. डायरीची पानं झेरॉक्स करून जोडली. तरीही परत नामंजूर, तेच वाक्य. मग कंपनीच्या तक्रार विभागाला मेल, त्यात पॉलिसीतल्या कलमाचा नंबर आणि २०१९ च्या सूचनेचा उल्लेख, पुरेसे दिवस जाऊन उत्तर नाही तेव्हा आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार टाकली. टोकन नंबर येतो, तो लिहून ठेवा. एप्रिलच्या शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या डोसचे पैसे आले, थोडी कपात करून. पहिल्याचे आलेच नाहीत. त्यानंतरचे प्रीऑथनं, म्हणजे आधीच मंजुरी घेऊन झाले. मी रोज हीच कामं करते म्हणून मला जमलं, पण आजारी माणसाकडून एवढे कागद मागणं मला अजूनही पटत नाही. घरातल्या कोणालातरी हे खातं देऊन टाका, खाजवत खाजवत फॉर्म भरवत नाहीत.

मार्चमध्ये तिसरा डोस झाला आणि आठ-दहा दिवसांनी डायरीत पहिल्यांदा एका दिवसाला शून्य लिहिलं. दुसऱ्या दिवशी एक. मग आठवड्याची बेरीज ११. एप्रिलमध्ये तीन. मे महिन्यात, ठाण्याच्या त्या घामाच्या मे महिन्यात, सगळे आठवडे शून्य. आंबे खाल्ले, कोळंबीचं खडखडलं खाल्लं, बिनबाह्यांचा कुर्ता घातला. मुलगी म्हणाली आई तू आता झोपेत हात हलवत नाहीस.

डॉक्टर म्हणतात हा आजार बऱ्याच जणांत काही वर्षांत आपोआप शांत होतो, औषध तोवर मास्ट सेलना आवरून धरतं, त्यामुळे घाईनं बंद करायचं नाही आणि कायमचं पण समजायचं नाही. जूनपासून बिलास्टिन चारवरून तीन, दोन, मग एक केली, दर वेळी महिनाभर डायरी बघून. ऑगस्टपासून इंजेक्शनमधलं अंतर चारवरून पाच आठवडे केलंय, मधे एका आठवड्यात कमरेला दोन गांधी आल्या, बेरीज तीन, तेवढं चालतं म्हणाल्या. आता पुढचं अंतर सहा आठवडे. आयब्युप्रोफेन अजून बंदच. सिप्रोफ्लॉक्सासिन, मॉर्फिन, कोडीन अशी काही औषधं आयजीईशिवाय, एमआरजीपीआरएक्स२ नावाच्या वेगळ्याच दारातून मास्ट सेल उघडू शकतात, म्हणून दाताच्या डॉक्टरकडे जाते तेव्हा पण आजाराचं नाव आणि ही यादी लिहिलेला कागद पर्समध्ये असतो. तुम्ही पण करून ठेवा, सोबत चालू औषधं, पॉलिसी नंबर आणि घरच्याचा फोन लिहा, कॅज्युअल्टीत रात्री अडीचला आपल्याला ओठ सुजलेले असताना बोलता येत नाही.